बांधावरची तीन पिल्लं आणि जुना प्रश्न : कुत्रा नेमका कुणाचा?

परवा मोटर चालू करायला गेलो, तर बांधावर गोणपाटात तीन पिल्लं. तिन्ही माद्या. नर असते तर राखणीला कुणीतरी आधीच उचलले असते. मादी नको, कारण 'दर वर्षी वेत, कोण सांभाळणार?' मग रात्री कुणाच्या तरी बांधावर सोडायची. म्हणून आज पिकाऐवजी कुत्र्याचा इतिहास लिहितो.

आपली आणि कुत्र्याची सोबत फार जुनी. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथं एका स्थानिक शेतकऱ्याला खणताना चार धातूच्या मूर्ती सापडल्या. त्यात दोन बैलांचा एक रथ आहे, त्यात माणूस उभा आहे आणि दांडीवर चक्क एक कुत्रा. अनेक अभ्यासक या मूर्ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. म्हणजे बैल, माणूस आणि कुत्रा हे त्रिकूट तेव्हापासूनचं. पुढं खंडोबाच्या पायाशी कुत्रा आला, दत्ताभोवती चार आले. धनगराच्या वाड्यावर तर आजही कुत्र्याशिवाय रात्र निघत नाही.

मग भांडण कुठं सुरू झालं? ज्याला धनी नाही त्या कुत्र्यावरून.

कंपनी सरकारच्या काळात मुंबईत उन्हाळ्यात बेवारस कुत्री मारायचा नियम होता. १८३२ साली ही मोहीम वाढवली आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागं बक्षीस ठेवलं. पैशापायी लोकांनी दारातली पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. ६ जूनला पारशी मंडळी पोलिसांवर धावून गेली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. त्यात हिंदू, जैन व्यापारीही सामील झाले. सरकारनं फौज आणून दंगा मोडला. पुढं १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांच्या पैशातून मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

या भांडणात दोन्ही बाजूंचं काहीतरी खरं होतं. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी, कारण तेव्हा लस नव्हती. पाश्चरनं माणसाला पहिली लस टोचली ती १८८५ साली. आणि पाळलेला कुत्रा मारला गेला त्याचा संतापही खरा. पण मोकाट कुत्री येतात कुठून, याचं उत्तर मारणाऱ्यांकडं नव्हतं. मुंबईतली कुत्री त्या मोहिमेनं काही संपली नाहीत.

कुत्री कशानं वाढतात, याचा दुसरा धडा आपल्याच गोठ्यातून निघाला. पूर्वी मेलेलं जनावर माळावर टाकलं की गिधाडं काही तासांत साफ करायची. १९९० नंतर गिधाडं दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ साली पुढं आलं : जनावराला दुखण्यावर आपण टोचत होतो ते डायक्लोफिनॅक. ते अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याचे मूत्रपिंड बंद. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पण तोवर माळावरचं ताट कुत्र्यांच्या पुढ्यात गेलं होतं. खायला मिळालं की पिल्लं जगतात, कळप होतो, आणि तोच कळप शेळी-वासरावर येतो.

२००१ च्या केंद्राच्या नियमांनी मारण्याऐवजी नसबंदी, लस आणि परत जागेवर सोडणं हा मार्ग धरला. त्याच नियमांत पाळलेल्या कुत्र्याची लस आणि नसबंदी ही धन्याची जबाबदारी म्हटली होती. हे वाक्य आपण कुणी वाचत नाही.

तर मंडळी, वस्तीवर कुत्रा असेल तर एवढं करा :

– पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा डोस, आणि दर वर्षी न चुकता.
– नर असो वा मादी, नसबंदी करा. मादी राखणीला तितकीच चांगली.
– गळ्यात पट्टा हवा. पट्टा म्हणजे 'याला धनी आहे'.
– दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो, रात्रभर भुंकतो, सुटला की चावतो. रोज मोकळा फिरवा. लहानपणीच शेळ्या, पोरं, गाड्या यांची सवय लावा. गाडीमागं धावला तर हसू नका, तिथंच थांबवा.
– मेलेलं जनावर आणि व्यायल्यावर पडलेली वार खोल पुरा. गाभ टाकलेल्या गाईची वार कुत्र्यानं ओढली, तर ब्रुसेल्ला गोठाभर होऊ शकतो.
– कुत्रा चावला तर १५ मिनिटं वाहत्या पाण्यात साबणानं जखम धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. चुना, मिरची, हळद काही लावू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य.

त्या तिघींपैकी एक मी ठेवली. दोघी आहेत. न्यायची असेल तर कळवा, पण लस आणि नसबंदी कबूल असेल तरच.