ठशावर ठसा

सिरसाळ्याच्या जुन्या पिढीला ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन्ही रुपये ठाऊक होते. निजामाचे सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार, असा हिशेब असे. 1948 साली निजामाची सत्ता संपली, तरी हाली रुपया आणखी काही वर्षे चालला. राज्य बदलले की गरिबाच्या गाठीच्या पैशाचे काय होते, हा प्रश्न मात्र फार प्राचीन आहे.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिकजवळ जोगलटेंभी येथे, त्याचे एक उत्तर 1906 साली सापडले. तेथील ठेव्यात क्षहरात राजा नहपानाची 13,250 हून अधिक चांदीची नाणी होती. नहपानाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांपैकी सुमारे 9,270 नाणी न वितळवता त्यांवर आपला ठसा मारला होता : एका बाजूस तीन कमानींची टेकडी व स्वतःचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. त्याखाली नहपानाचा मुखवटा कित्येक नाण्यांवर अजूनही ओळखू येतो.

पंधराव्या शतकात आउग्सबुर्ग, उल्म या जर्मन नगरांनीही प्रागच्या चांदीच्या ग्रोशनवर अशाच खुणा उमटवल्या.

जोगलटेंभीची उरलेली नाणी ठशावाचूनच होती. ठेवा पुरणाऱ्याने दोन्ही प्रकारची नाणी एकत्र जपली, ही गोष्ट आम्हांला बोलकी वाटते. ठसे राजांचे असतात. चांदीचा विश्वास मात्र लोकांनी राखलेला असतो.