हॉप-वाणांची अदलाबदल (घरगुती बिअर)

कृतीत सांगितलेला हॉपचा वाण हाताशी नसताना त्याऐवजी दुसरा वाण घेऊन बिअरचा कडवटपणा व सुगंध शक्यतो मूळच्यासारखा राखण्याची रीत. कडवटपणा आकडेमोडीने जुळवता येतो. सुगंधाचे तसे नाही. म्हणून उकळीच्या आरंभी टाकायच्या हॉपला एक नियम आणि शेवटी टाकायच्या हॉपला दुसरा नियम लावतात.

हॉप हा भांगेच्या कुळातील वेल आहे. त्याच्या मादी वेलीच्या शंकूंमध्ये ल्युपुलिन नावाची पिवळी, चिकट भुकटी असते. कडवटपणा देणारी अल्फा अम्ले आणि वास देणारी बाष्पनशील तेले या भुकटीतच असतात. माल्टचा अर्क (वर्ट) उकळताना अल्फा अम्लांची रचना बदलून ती आयसो-अल्फा अम्ले होतात व द्रवात विरघळतात. याला वेळ लागतो. तेले मात्र वाफेबरोबर उडून जातात. त्यामुळे तासभर उकळलेला हॉप मुख्यतः कडू चव देतो, तर अखेरच्या काही मिनिटांत टाकलेला हॉप मुख्यतः वास देतो.

अल्फा अम्लाचे प्रमाण वाणागणिक बदलते. चेकियातील साझमध्ये ते साधारण 3 ते 4.5 टक्के, इंग्लंडच्या ईस्ट केंट गोल्डिंग्जमध्ये 4 ते 6 टक्के, जर्मन मॅग्नममध्ये 12 ते 14 टक्के आणि अमेरिकी कोलंबसमध्ये 14 ते 18 टक्के असते. एकाच वाणातही हे प्रमाण हंगामानुसार हलते, उष्ण व कोरड्या उन्हाळ्यात घटते. हिशेबात म्हणून कोष्टकातील सरासरी न धरता पाकिटावर छापलेला आकडाच धरावा.

कडवटपणाचा हिशेब : मूळ वजनाला मूळ वाणाच्या अल्फा टक्केवारीने गुणून नव्या वाणाच्या टक्केवारीने भागले की नवे वजन मिळते. वर्ट तेच आणि उकळण्याचा वेळ तोच असल्याने, किती अम्ल प्रत्यक्षात उतरते हा प्रश्न दोन्ही बाजूंनी सारखाच राहतो व हिशेबातून बाहेर पडतो. वेळ बदलल्यास मात्र ग्लेन टिनसेथ यांच्या सूत्रासारखे साधन लागते. त्या सूत्रानुसार 1.050 विशिष्ट गुरुत्वाच्या वर्टमध्ये 60 मिनिटांत सुमारे 23 टक्के, तर 10 मिनिटांत सुमारे 8 टक्के अल्फा अम्ल कामी येते.

उदाहरणार्थ, 20 लिटर पिल्सनरसाठी 3.5 टक्क्यांचा 60 ग्रॅम साझ तासभर उकळायचा आहे. यातून अंदाजे 24 आयबीयू (कडवटपणाचे आंतरराष्ट्रीय एकक) मिळतात. साझऐवजी 12.5 टक्क्यांचा मॅग्नम घेतल्यास 60 × 3.5 ÷ 12.5 म्हणजे जवळपास 17 ग्रॅम पुरतो. चोथा कमी झाल्यामुळे त्यात अडकून वाया जाणारा वर्टही कमी होतो.

सुगंधाचा हिशेब : याच कृतीत शेवटच्या 10 मिनिटांसाठी 40 ग्रॅम साझ सांगितला असून हाताशी 4.5 टक्क्यांचा टेटनांग आहे, असे समजू. वरचाच नियम लावला तर 31 ग्रॅम येतात; कडवटपणा जुळतो, पण वास फिका पडतो. येथे वजन 40 ग्रॅमच ठेवावे. त्यामुळे वाढणारे दीडदोन आयबीयू पहिल्या मात्रेतून वळते करावेत. म्हणजे मॅग्नम सव्वा ग्रॅमने कमी घ्यावा. किण्वनाच्या वेळी किंवा त्यानंतर थंड बिअरमध्ये टाकायच्या हॉपला (ड्राय हॉपिंग) अल्फा अम्लाचे गणित लागूच होत नाही. तेथे तेलाचे प्रमाण पाहतात : 100 ग्रॅम साझमध्ये ते 1 मिलिलिटरच्या आत, तर सिट्रामध्ये 2 मिलिलिटरहून अधिक असते.

वाणाची निवड : वजन कितीही जुळवले तरी आंबा-लिंबाच्या वासाचा सिट्रा साझची जागा घेऊ शकत नाही. पर्याय शोधताना वाणाचे कूळ पाहणे श्रेयस्कर. साझ, टेटनांग आणि श्पाल्ट हे एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. 1976 मध्ये अमेरिकेत प्रसृत झालेला विलामेट हा इंग्लंडच्या फगलपासूनच तयार केला आहे. स्लोव्हेनियातील स्टायरियन गोल्डिंग हाही मुळात फगल आहे. नावावरून त्याला गोल्डिंग्जचा पर्याय समजू नये.

इतर दुरुस्त्या : गोळी (पेलेट) स्वरूपातील हॉपमधून अम्ल अधिक उतरते, अख्ख्या शंकूंऐवजी गोळी वापरल्यास वजन सुमारे 10 टक्क्यांनी कमी करतात. साठवणीतही फरक पडतो. 20° से. तापमानाला सहा महिन्यांत कॅस्केडमधील जवळजवळ निम्मे अल्फा अम्ल नष्ट होते, तर मॅग्नममधील सुमारे चार-पंचमांश टिकते. म्हणून हॉप हवाबंद पाकिटात, फ्रीझरमध्ये ठेवतात.

अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बिअरला संघराज्य पातळीवर मुभा मिळाली आणि हौशी बिअरकर्त्यांची संख्या वाढली. 2007-08 मधील जागतिक हॉप-टंचाईत नेहमीचे वाण दुर्मिळ झाले, तेव्हा त्यांना अदलाबदलीवाचून गत्यंतर नव्हते. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात हॉपची लागवड होते. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.

सर्वसाधारण पिणाऱ्याला सुमारे 5 आयबीयूच्या आतला फरक जाणवत नाही, असे बिअर बनवणारे मानतात. त्यामुळे पहिल्या मात्रेत ग्रॅमभर इकडेतिकडे झाल्याने बिअर बिघडत नाही. शेवटच्या मात्रेत चुकीचा वाण निवडला, तर ती वेगळीच बिअर होते.