पाळीचे पाणी, पाळीचे यंत्र

‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द आता खेड्यापाड्यांत मराठीच झाले आहेत. जुलैचा शेवट आलेला असतो, खरिपाच्या पीकविम्याची मुदत संपत आलेली असते, माणसे कागदांची पिशवी घेऊन सेवा केंद्राच्या पायरीवर बसलेली असतात आणि आतून आवाज येतो, ‘‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’’ उद्या म्हणजे आणखी एक रोज बुडाला. पायरीवरची माणसे उठतात. नेमके काय बंद पडले आहे, हे कोणी विचारत नाही.

पण समजा, वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारले, ‘‘सर, हा सर्व्हर असतो तरी कुठे? आणि तो एकच आहे का?’’ तर आपण काय उत्तर देणार?

खरे उत्तर थोडे चमत्कारिक आहे. आज मोठ्या कार्यालयांत ज्याला ‘सर्व्हर’ म्हणतात, ते बहुतेक वेळा हाताने दाखवता येईल असे स्वतंत्र यंत्र नसतेच. एका खऱ्या यंत्राच्या पोटात दहा-वीस आभासी यंत्रे नांदत असतात आणि प्रत्येकाला वाटत असते की सारे यंत्र आपलेच आहे. या युक्तीला साठ वर्षांचा इतिहास आहे. मात्र तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या नगर जिल्ह्याला त्याहून जुना आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, बोलण्यात अजून नगर येतेच.) म्हणून आपण सुरुवात संगणकाने न करता कालव्याने करू.

प्रवरेचे आवर्तन

अकोले तालुक्यात भंडारदरा येथे प्रवरा नदीवर बांधलेले धरण १९२६ साली पूर्ण झाले. धरणातून सोडलेले पाणी नदीतून खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांत शिरते. कालवा एक, शेतकरी हजारो. प्रत्येकाच्या बांधापर्यंत वेगळा कालवा काढणे अशक्य. मग एकच पाणी सर्वांना पुरवायचे कसे?

दख्खनच्या कालव्यांवर याची दोन उत्तरे रूढ झाली. पहिले ‘ब्लॉक’ पद्धतीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यासाठी ते मांडले. ठरावीक क्षेत्राला काही वर्षांसाठी पाणी मंजूर करायचे. त्यातल्या एका हिश्श्यात ऊस, बाकीच्यात इतर पिके, आणि ऊस दरवर्षी हिस्सा बदलत फिरवायचा. शेतकऱ्याला पाण्याची हमी मिळते, कालव्यालाही आपला बोजा आधी कळतो. दुसरे उत्तर शेजपाळीचे. हंगामाआधी नमुना नंबर ७ वर अर्ज करायचा आणि आवर्तन सुटले की शेजाऱ्याच्या शेजारी अशा क्रमाने, आपली पाळी आली की चारीचे सगळे पाणी आपल्या शेतात घ्यायचे. पाळी संपली की दार बंद. त्या तासांपुरती चारी जणू तुमच्या एकट्याच्या मालकीची.

या व्यवस्थेच्या मध्यभागी एक माणूस उभा असतो : पाटकरी. दारे उघडणे आणि बंद करणे त्याच्या हाती. आणि एक नियम कायम सांगितला जातो, की पाणी ‘टेल टू हेड’, म्हणजे शेवटाकडून तोंडाकडे द्यावे. कारण उघड आहे. तोंडाशी बसलेल्याने आधी हात मारला, तर शेवटच्या शेतापर्यंत ओल पोचत नाही.

राखीव हिस्सा, पाळी, दारावरचा माणूस आणि शेवटचा शेतकरी, या चार गोष्टी लक्षात ठेवू या. पुढे त्या पुन्हा भेटणार आहेत.

एक संगणक, रांगेत सारा देश

१९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. तो केवळ त्या संस्थेचा राहिला नाही. देशभरातल्या संशोधन संस्था आणि विद्यापीठे त्यावर आपली कामे आणत. त्या काळी काम म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. गठ्ठा द्यायचा, रांगेत थांबायचे आणि उत्तराचा कागद घ्यायला पुन्हा यायचे. एका कार्डात चूक निघाली, तर परत रांगेच्या शेपटाला.

जगभर हीच तऱ्हा होती. यंत्र कोट्यवधींचे, म्हणून ते क्षणभरही रिकामे राहू नये. माणसाचा वेळ मात्र कितीही गेला तरी चालेल. १९५९ साली अमेरिकेत जॉन मॅकार्थी आणि इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी स्वतंत्रपणे काळ वाटून घेण्याची कल्पना मांडली. संगणक माणसापेक्षा इतका वेगवान आहे, की तो एकाचे काम क्षणभर करून दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे वळला आणि पहिल्याकडे परत आला, तरी पहिल्याला तो गेला होता हे कळणारही नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटी संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवले. ही संगणकातली शेजपाळी.

१९६२ साली मँचेस्टर येथे सुरू झालेल्या ‘अॅटलस’ संगणकाने पुढचे पाऊल टाकले. त्यात आज्ञावलीला दिसणारी स्मृती आणि यंत्रात खरोखर असलेली स्मृती यांची फारकत केलेली होती. जवळ थोडी जलद स्मृती, दूर पुष्कळ संथ स्मृती आणि दोन्हींमधली ने-आण यंत्र स्वतः करी. आज्ञावलीला वाटे, आपल्याकडे एकच मोठा साठा आहे. ‘आभासी’ हा शब्द संगणकशास्त्रात रुजला तो याच वळणावर.

यंत्राच्या पोटात यंत्र

वेळ वाटता येतो, स्मृतीही वाटता येते. मग सगळे यंत्रच का वाटू नये? आयबीएम कंपनीच्या मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज केंद्रात रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि त्यांच्या गटाने हा प्रश्न घेतला. १९६७ च्या सुरुवातीस त्यांची ‘सीपी-४०’ ही आज्ञावली वापरात आली. एकाच सिस्टिम/३६० संगणकावर तिने चौदा आभासी संगणक उभे केले. प्रत्येकावर बसणाऱ्याला संपूर्ण यंत्र दिसे, त्याचे बिघाड त्याच्यापुरते राहत, शेजाऱ्याला धक्का लागत नसे. १९७२ साली आयबीएमने याच कल्पनेवर ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली बाजारात आणली.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या विद्येचे नियम लिहिले. ते तीन आहेत. आभासी यंत्रावर आज्ञावली खऱ्या यंत्रावर चालते तशीच चालली पाहिजे. साधनांचा ताबा पूर्णपणे वाटप करणाऱ्या आज्ञावलीकडेच असला पाहिजे. आणि बहुतेक आज्ञा मध्यस्थाशिवाय, थेट खऱ्या प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत; नाहीतर सगळा वेळ वाटपातच जाईल. या वाटप करणाऱ्या आज्ञावलीला पुढे ‘हायपरवायझर’ हे नाव रूढ झाले. आपण तिला यंत्रातला पाटकरी म्हणू. चांगला पाटकरी पाणी स्वतः वाहून नेत नाही. दारे नीट फिरवतो, आणि दाराची किल्ली दुसऱ्या कोणाला देत नाही.

विसर आणि आठवण

यानंतर स्वस्त संगणकांचा जमाना आला आणि वाटून घेण्याची गरज संपल्यासारखी वाटली. कार्यालयात पगाराच्या कामाला एक सर्व्हर, पत्रव्यवहाराला दुसरा, साठ्याच्या हिशोबाला तिसरा. एका कामाचा बिघाड दुसऱ्याला भोवू नये, म्हणून ‘एक काम, एक यंत्र’ हा शिरस्ता पडला. पण ही यंत्रे बहुतेक वेळ रिकामी बसत. आणि रिकामे यंत्र फुकट बसत नाही. गूगलच्या लुईस बरोसो आणि उर्स हॉल्झले यांनी २००७ साली दाखवून दिले, की त्या काळचा सर्व्हर काहीही काम नसताना पूर्ण बोजाच्या निम्म्याच्या आसपास वीज खात असे. वर थंडाव्याची वीज वेगळीच.

जुनी विद्या आठवली, पण अडचण होती. बाजारातल्या स्वस्त संगणकांचे इंटेल पद्धतीचे प्रोसेसर पोपेक-गोल्डबर्ग यांच्या अटीत बसत नव्हते. काही आज्ञा पाटकऱ्याला चकवून दार उघडू शकत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून १९९८ साली व्हीएमवेअर ही कंपनी निघाली. अशा अडचणीच्या आज्ञा आयत्या वेळी बदलून घेण्याची युक्ती तिने वापरली. १९९९ साली टेबलावरच्या संगणकासाठी आणि २००१ साली सर्व्हरसाठी तिची उत्पादने आली. २००३ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठातून ‘झेन’ ही खुली प्रणाली आली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच या कामाची सोय केली आणि २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात ‘केव्हीएम’ आले. २००६ मध्ये अॅमेझॉनने आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने देणे सुरू केले होतेच.

सातबाऱ्याचा प्रवास

इकडे महाराष्ट्रात काय घडत होते? १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात आपल्या राज्यातला वर्धा जिल्हा होता. पुढे हे काम तालुक्यातालुक्यांत पसरले. त्या रचनेत तालुक्याचा संगणक बंद पडला, तर त्या तालुक्याचेच काम थांबे. नगर जिल्ह्यात तालुके चौदा. एक अडला तरी तेरा चालू.

नंतर मुंबईत राज्याचे डेटा सेंटर उभे राहिले आणि गावोगावच्या नोंदी मध्यवर्ती यंत्रणेकडे गेल्या. २०१४ मध्ये केंद्राने ‘मेघराज’ हा सरकारी क्लाउड सुरू केला. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउडविषयीचे आपले धोरण जाहीर केले आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा आला. तलाठ्याच्या सहीसाठी हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला ही सोय किती मोलाची वाटली, हे नव्याने सांगायला नको. पण याचबरोबर अडचणीचे स्वरूपही पालटले. पूर्वी एका तालुक्याचे दार बंद पडे. आता सगळ्यांचे पाणी एकाच कालव्यातून येऊ लागले.

गणित कुठे चुकते?

येथे एक सोपे गणित फळ्यावर मांडावे. समजा, पाच कामे आहेत. प्रत्येकाचा रोजचा बोजा १० एकक, आणि गर्दीच्या दिवशी ६० एकक. वेगवेगळी यंत्रे घ्यायची, तर प्रत्येकी ६० एककांची पाच यंत्रे लागतील : एकूण ३००. ती बहुतेक दिवस रिकामी राहतील. आता पाचही कामे १०० एककांच्या एकाच यंत्रावर आणू. रोजचा बोजा ५०. छान मावतो. एका कामाला गर्दी झाली, तर ६० अधिक ४० म्हणजे १००. जेमतेम, पण मावते. एका तृतीयांश यंत्रात काम झाले!

आता दोन कामांना एकाच दिवशी गर्दी होऊ द्या : १२० अधिक ३० म्हणजे १५०. यंत्र कोलमडले, आणि ज्या तीन कामांना गर्दी नव्हती तीही त्याच्याबरोबर अडली.

म्हणजे सारी बचत एका गृहीतावर उभी आहे : सगळ्यांची गर्दी एकाच दिवशी होणार नाही. व्यवसायात हे गृहीत पुष्कळदा खरे असते. पगार महिनाअखेरीस, साठ्याची मोजणी दुसऱ्या एखाद्या दिवशी. शेतीत मात्र ते चटकन खोटे ठरते. विम्याला सातबारा लागतो, म्हणून ज्या दिवशी विम्याची गर्दी, त्याच दिवशी सातबाऱ्याची, आणि त्याच दिवशी ओळख पटवणाऱ्या यंत्रणेचीही. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज सक्तीचा होता. मुदत एक, अर्जदार लाखो. ती मुदत पुढे वाढवावी लागली. कालव्यावरच्या माणसाला हे नवे नाही. पावसाने ओढ दिली की सगळ्यांना एकाच आठवड्यात पाणी हवे असते.

‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे प्रत्येक वेळी वाटपाचीच चूक असे मात्र समजू नये. गावातली वीज, तुटलेली तार, सदोष आज्ञावली यांपैकी काहीही कारण असू शकते. पण वाटप करायचे तर आखणी करणाऱ्याने काही गोष्टी टाळता कामा नयेत. यंत्रे एकत्र आणण्याआधी प्रत्येकाचा बोजा वर्षभर मोजावा. एका आठवड्याची सरासरी फसवते. अत्यावश्यक कामाला राखीव हिस्सा द्यावा, बाकीच्यांना पाळी. एका खऱ्या यंत्रावर वीस आभासी यंत्रे असतील, तर त्याच्या शेजारी दुसरे यंत्र आणि दूर तिसरी प्रत हवी. आभासी यंत्र चुटकीसरशी तयार होते, म्हणून कोणी विचारत नाही अशी बेवारस यंत्रे साठत जातात. त्यांचीही नोंदवही हवी. आणि पाटकरी कोणाचा, हेही पाहावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि परवान्यांच्या अटी बदलल्या, तेव्हा जगभरच्या अनेक कार्यालयांना आपली सगळी दारे एकाच्या हाती असल्याची जाणीव झाली.

राहता राहिला शेवटचा शेतकरी. कालव्याच्या नियमाने त्याचा विचार आधी केला. नियम नेहमी पाळला जातो असे नाही, पण निदान तो लिहिलेला आहे. संगणकाच्या आखणीत ‘शेवटचा’ कोण? ज्याचे जाळे संथ, ज्याचे केंद्र दूर, ज्याला उद्या पुन्हा येणे परवडत नाही तो. तालुकावार तारखा वाटून देणे, मुदतीच्या दिवशी टोकन देऊन दुसऱ्या दिवशी अर्ज स्वीकारणे, हे उपाय यंत्राचे नाहीत, पाळीचे आहेत. ते करायला नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

वर्गात करून पाहा

पाच मुलांना पाच कामे द्या आणि प्रत्येकाला एक फासा. सहा पडले तर त्या कामाचा बोजा ६०, एरवी १०. तीस वेळा फासे टाकून बेरीज १०० च्या वर किती वेळा जाते ते नोंदवा. मग पाचही कामांसाठी मिळून एकच फासा टाका : सहा पडले तर सर्वांना ६०. पुन्हा तीस वेळा नोंदवा. दोन्ही खेळांत प्रत्येक कामाला गर्दी होण्याची शक्यता सारखीच, सहात एक. मग दुसऱ्या खेळात एकदा यंत्र अडले की बेरीज थेट ३०० वर का जाते, हे मुलांनाच सांगू द्या. आणि शेवटी विचारा, आपल्या गावातला जुलै महिना यांपैकी कोणत्या खेळासारखा आहे?