शिक्का, मोर्तब आणि परवलीचा शब्द

कल्याणहून कर्जतकडे जाणारी गाडी बदलापूर सोडून पुढें निघाली, कीं वांगणीचें स्थानक लागतें. तेथें उतरणाऱ्या प्रवाशांत पांढरी काठी टेकीत चालणारीं माणसें बरींच आढळतात. कारण अंध स्त्री-पुरुषांचीं अनेक कुटुंबें या गांवीं वस्ती करून आहेत, आणि त्यांतील कित्येकजण लोकलगाड्यांतून किरकोळ माल विकून आपला चरितार्थ चालवितात. अशाच एका परिचित गृहस्थांनीं मध्यंतरीं मला घरीं बोलावून आपला मोबाईल माझ्या हातीं दिला. कोठल्याशा संकेतस्थळावर त्यांना प्रवेश हवा होता. परवलीचा शब्द त्यांना मुखोद्गत होता. परंतु पडद्यावर वेडींवांकडीं अक्षरें दाखवून ‘आपण यंत्र नसून मनुष्य आहां, हें सिद्ध करा’ असा आग्रह चालला होता. ते हंसून म्हणाले, “सर, मी माणूस आहें, एवढें माझ्या वतीनें तुम्हीच सांगून टाका.” मीं अक्षरें वाचून दिलीं, काम झालें, पण तें वाक्य कांहीं मनांतून जाईना.

ओळख पटविण्याचा कोणताही नियम कोणीं तरी लिहिलेला असतो. तो लिहिणारा पुढें निघून जातो, आणि नियम मात्र मागें राहतो. मग तो वाचावा कोणीं, आणि चुकला असल्यास दुरुस्त करावा कोणीं? प्रश्न संगणकाचा वाटतो खरा, परंतु तो आपल्या इतिहासाला अपरिचित नाहीं.

शिवकालीन राजपत्र पाहावें. अग्रभागीं मुद्रा आणि मजकुराच्या अखेरीस मोर्तब. मुद्रेनें पत्र कोणाचें तें कळे. मोर्तबानें तें कोठें संपलें तें कळे, म्हणजे खालीं चार ओळी घुसडून देण्यास कोणाला वाव राहत नसे. राज्याभिषेकसमयींचा, म्हणजे 1674 चा, म्हणून जो कानूजाबता प्रसिद्ध आहे, त्यांत सचिवाचें कर्तव्य असें सांगितलें आहे, कीं त्यानें राजपत्रें शोधून पाहावीं आणि अधिकउणें अक्षर शुद्ध करावें. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, आणि प्रत्येकाची खूण निराळी. या व्यवस्थेचें फळ आपणांस आजही मिळत आहे. राजवाड्यांनीं 1898 सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून संशोधक मुद्रा, मोर्तब, कालगणना आणि लेखनशैली हीं एकेक करून तपासतात, आणि बनावट कागद बहुधा यांपैकीं एखाद्या पायरीवर अडखळतो. ज्या कारकुनाला आपण कधीं पाहिलें नाहीं, त्याचें काम आपण पडताळूं शकतों, तें या पायऱ्या वेगळ्या ठेविल्यामुळेंच.

त्याच दप्तरांत उलट धडाही आहे. मोडी लिपि लेखणी फारशी न उचलतां झरझर लिहितां येते. पण तींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि शब्दाशब्दांमध्यें जागा सोडलेली नसते. लिहिणाऱ्याची जी सोय, तीच पुढें वाचणाऱ्याची गैरसोय झाली. आज सुशिक्षित मराठी मनुष्यालाही पणजोबांचें खरेदीखत वाचण्यास जाणकार शोधावा लागतो.

आतां संगणकाकडे वळूं. रात्रीं छावणींत शिरणाऱ्याला चौकीवर जो शब्द सांगावा लागे, तो परवलीचा शब्द. एक यंत्र अनेकांनीं वांटून घ्यावयाची पद्धति अमेरिकेंतील एमआयटी या विद्यापीठांत फर्नांदो कोर्बातो यांनीं 1961 सालीं प्रत्यक्ष करून दाखविली, आणि प्रत्येकाचें लिखाण प्रत्येकापुरतें राहावें म्हणून यंत्राच्या चौकीवर हाच उपाय योजिला. सर्वांचे शब्द एका नोंदवहींत उघडे लिहिलेले असत. 1962 सालीं तेथील ॲलन शेर या विद्यार्थ्याला वांट्यास आलेला वेळ पुरेना. त्यानें ती वहीच यंत्राकडून छापून घेतली! 1966 सालीं याहून मौजेचा प्रकार घडला. दोन अधिकारी एकाच वेळीं संपादनास बसले. एकाच्या हातीं दिवसाची सूचना, दुसऱ्याच्या हातीं शब्दांची वही. संपादनाची आज्ञावली दोघांच्याही तात्पुरत्या प्रतीला एकच नांव देत असे. प्रतींची अदलाबदल झाली, आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला सूचनेऐवजीं सर्वांचे गुप्त शब्द वाचावयास मिळाले. एका जागीं एका वेळीं एकच मनुष्य काम करील, हें रचनाकारांचें मूळ गृहीत होतें. पुढें तो निर्बंध सैल झाला. पण त्यावर उभी असलेली आज्ञावली होती तशीच राहिली. मूळ गृहीत विसरलें गेलें, म्हणजे दुरुस्तीच अपघाताला कारण होते, तें असें.

पुढें युनिक्स या प्रणालींत शब्द उघडा न ठेवतां त्याचें उलट न फिरवितां येणारें रूपांतर ठेवूं लागले. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनीं 1979 सालीं त्या अनुभवाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तथापि एक दोष राहिलाच. प्रवेश देणारी, दुरून जोडणारी, कागदपत्रें पोंचविणारी अशा निरनिराळ्या आज्ञावल्या आपापल्या पोटांत ओळख तपासण्याचा मजकूर बाळगीत. नियम एक बदलावयाचा, तर दहा ठिकाणीं हात घालावा लागे. नऊ ठिकाणीं बदलून दहावें राहिलें, कीं तेथून चोर शिरे. 1995 सालीं सन या कंपनींतील अभियंत्यांनीं तपासणी निराळी काढून तिचे स्वतंत्र घटक केले. कोणत्या दारावर कोणते घटक कोणत्या क्रमानें बसवावयाचे, याची यादी साध्या मजकुरांत लिहिली जाऊं लागली. सचिव आणि चिटणीस यांचीं कामें निराळीं करण्यासारखेंच हें झालें.

वाचनीयता ही केवळ सौंदर्याची बाब नव्हे, हें 2014 च्या फेब्रुवारींत ॲपल कंपनीला कळून आलें. समोरचें संकेतस्थळ खरें कीं खोटें हें तपासणाऱ्या तिच्या आज्ञावलींत एक ओळ चुकून दोनदां पडली होती. पहिली अटीखालीं होती, दुसरी अटीबाहेर. त्यामुळें पुढची सही न तपासतांच होकार मिळे. दोन्ही ओळी एकाखालीं एक, सारख्याच समासांत लिहिलेल्या असल्यानें अट दोहोंना लागू आहे, असाच डोळ्यांना भास होई. अधिकउणें अक्षर शोधणारा सचिव तेथें डुलकी घेत होता, असेंच म्हणावें लागेल.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो थॉम्पसन यांचाच आहे. 1984 सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनीं दाखविलें, कीं प्रवेशाची आज्ञावली कितीही स्वच्छ असली, तरी तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारें साधनच जर कपटी असेल, तर तें गुपचूप चोरदार बसवूं शकतें. आक्षेप खरा आहे. पण चोरदार दिसणें अशक्य आहे म्हणून पुढचें दारही अंधारांत ठेवावें, असें त्यावरून निष्पन्न होत नाहीं.

आतां पुन्हा वांगणीकडे. 30 एप्रिल 2025 रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें महत्त्वाचा निर्णय दिला. ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडा, असें यंत्र सांगे. अंधांनीं आणि आम्लहल्ल्यानें चेहरा विद्रूप झालेल्यांनीं काय करावें? संगणकीय सेवांपर्यंत पोंचतां येणें हा घटनेच्या 21 व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असें सांगून न्यायालयानें पर्यायी मार्ग ठेवण्याचे आदेश दिले. पण न्यायालयाचा हुकूम शेवटीं कोणा तरी कारकुनालाच अंमलांत आणावा लागतो. जेथें पापणीची अट स्वतंत्र कलमांत, नांवानिशीं, ती कशासाठीं घातली या टिपणासह लिहिलेली असेल, तेथें तिच्या जागीं दुसरी अट बसविणें हें थोडक्यांत उरकणारें काम आहे. जेथें ती शंभर अटींच्या गुंत्यांत मोडीसारखी अखंड लिहिली असेल, तेथें नवा अभियंता तिला हात लावण्यासच भितो, आणि दार बंद राहतें.

शिवकालीन सचिवाला आपलें शुद्ध केलेलें पत्र साडेतीनशें वर्षांनीं कोणी तपासील, अशी कल्पना नसेल. तरीही तें तपासतां येतें. आजच्या लेखनिकाकडून अपेक्षा याहून लहान आहे. त्याच्या पाठीमागून येणाऱ्या मनुष्याला नियम वाचतां यावा आणि बदलतां यावा, म्हणजे वांगणीच्या माझ्या स्नेह्यांना, आपण माणूस आहों हें सांगण्यासाठीं, दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागणार नाहींत.