तारेखालची लहान गाडी

‘पँटोग्राफ’ हा शब्द आज उच्चारला म्हणजे विजेच्या इंजिनाच्या टपावर उभारलेली, वरच्या तारेला टेकलेली ती घडीची चौकट डोळ्यांपुढे येते. परंतु या शब्दाचा जन्म आगगाडीच्या कितीतरी आधीचा आहे. इ. स. १६०३ मध्ये ख्रिस्तोफ शायनर या जर्मन जेझुइट विद्वानाने सांध्यांनी जोडलेल्या पट्ट्यांचे एक साधन सिद्ध केले. मूळ चित्रावरून त्याचे एक टोक फिरविले की दुसरे टोक त्याच चित्राची लहान वा मोठी नक्कल प्रमाणशीर काढीत असे. पुढे इंजिनाच्या टपावर आलेली चौकट या साधनासारखी दिसली, म्हणून तिलाही तेच नाव मिळाले. नक्कल काढणाऱ्या यंत्राचे नाव ज्या अवयवाला लाभले, त्याच अवयवाची खरीखुरी नक्कल करणे मात्र फार कठीण आहे, हा अनुभव विजेच्या गाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांना पदोपदी येतो. ही अडचण केवळ छंदाची नाही. तिच्यात इतिहासजतनाचा एक प्रश्न दडलेला आहे. सुरत-मुंबई लोहमार्गाच्या उदाहरणाने तो उलगडून पाहण्याचा येथे विचार आहे.

मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली, तेव्हा तिच्या टपावर एक लांब दांडा असे. हा दांडा तारेवरून निसटला की गाडी जागीच थांबे. वेगवान गाडीला असले साधन पुरेसे नव्हते. अमेरिकेत ओकलंड येथील ‘की सिस्टिम’च्या कारखान्यात १९०३ च्या सुमारास शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट तयार झाली. तिचा रुंद माथा तारेखालून सरकत जाई, त्यामुळे तार निसटण्याचे भय उरले नाही. १९५५ साली फ्रान्सच्या लुई फेव्हले यांनी तिला एकाच बाजूने वाकणाऱ्या हाताचे रूप दिले. आज सुरतेच्या फलाटावरून दिसतात ते बहुतेक या दुसऱ्या जातीचे.

आपल्याकडे विजेची पहिली आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली. तारेत १५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह होता. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १९२८ साली बोरिवलीपर्यंत आणि १९३६ साली विरारपर्यंत तारा नेल्या. तेथे त्या थांबल्या, त्या जवळजवळ चार दशके. सुरतेहून मुंबईला येणारा प्रवासी या काळात कोळशाच्या वा डिझेलच्या इंजिनामागे बसून येई आणि विरारपासून पुढे खिडकीबाहेर पाहिले की त्याला तारा दिसू लागत. आपल्या गाडीला त्यांचा काही उपयोग नाही, हेही त्याला ठाऊक असे.

१९७० नंतरच्या दशकात विरारच्या उत्तरेस, सुरत व बडोद्यावरून अहमदाबादपर्यंत, तारा पसरल्या. परंतु त्या निराळ्या प्रवाहाच्या होत्या. भारतीय रेल्वेने १९५७ सालीच २५,००० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची निवड केली होती. तिचे कारण हिशोबाने चटकन कळते. तीन हजार किलोवॉट शक्ती हवी असेल, तर १५०० व्होल्टांच्या तारेतून २,००० अँपिअर ओढावे लागतात. २५,००० व्होल्टांच्या तारेतून सुमारे १२० पुरतात. प्रवाह कमी, म्हणून तार हलकी आणि वीजकेंद्रेही दूर दूर. मात्र यामुळे एकाच लोहमार्गावर दोन विद्युत्-राज्ये निर्माण झाली आणि त्यांची सीमा विरारजवळ पडली.

ही सीमा न थांबता ओलांडण्यासाठी चित्तरंजनच्या कारखान्याने १९७५ पासून दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने बांधली. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘डब्ल्यूसीएएम-१’ म्हणत. सीमेवर तारेचा एक तुकडा निर्वीज ठेवलेला असे. तेथे येताना चालक वीज तोडी, गाडी आपल्या वेगाच्या जोरावर त्या मृत तारेखालून सरके, आणि पलीकडे दुसऱ्या प्रवाहाशी पुन्हा संधान बांधले जाई. सुरतेची लाडकी ‘फ्लाइंग राणी’ आपले दुमजली डबे घेऊन या सीमेवरून जात असे. ते डबे तिला १९७९ साली मिळाले आणि २०२३ साली गेले. डब्यात बसलेल्या व्यापाऱ्याला वा नोकरदाराला आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलो याचा पत्ताही नसे. ज्ञान चालकाच्या हातात होते.

ही सीमा आज उरलेली नाही. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरील एकदिश प्रवाह २०१२ साली संपला आणि मुंबईतील त्याचा शेवटचा तुकडा २०१६ साली हार्बर मार्गावर मालवला. दोन प्रवाहांची ती इंजिनेही सेवेतून निघाली. इंजिन संग्रहालयात ठेवता येते, छायाचित्र पुस्तकात छापता येते. परंतु मृत तारेखालून सरकण्याची ती कृती ना इंजिनात राहते, ना चित्रात. चालती प्रतिकृती मात्र ती जतन करू शकते. म्हणून तिच्याकडे पोरखेळ म्हणून पाहू नये.

प्रतिकृतींच्या इतिहासात या द्विविध प्रवाहाचे एक विलक्षण साम्य आढळते. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने १९३५ साली लहान मापाच्या विजेच्या गाड्या बाजारात आणल्या. तिच्या अनेक विद्युत्-इंजिनांना एक छोटी कळ असे. ती एका बाजूस केली की इंजिन रुळांमधील संपर्कातून वीज घेई. दुसऱ्या बाजूस केली की टपावरच्या पँटोग्राफमधून. त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिने स्वतंत्रपणे चालविता येत, एक खालच्या विजेवर, दुसरे वरच्या. घरातल्या मेजावरचे हे दुहेरी राज्य विरारच्या सीमेचेच बालरूप म्हणावे लागेल.

परंतु आज बहुसंख्य प्रतिकृतींत पँटोग्राफ नुसता शोभेचा असतो. वीज रुळांतून येते आणि वरची तार दोऱ्याचीही चालते. यामागे आळस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. निसर्गनियमच आडवे येतात. १ : ८७ हे प्रचलित प्रमाण घेऊ. खरी संपर्कतार सुमारे १२ मिलिमीटर जाडीची असते. प्रतिकृतीत ती ०.१४ मिलिमीटर व्हावयास हवी. खांबांमधले ७२ मीटरांचे कमाल अंतर ८३ सेंटिमीटर होते. खरी तार सरळ मार्गावर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस २०० मिलिमीटर अशी नागमोडी ओढलेली असते, कारण ती एकाच जागी घासली तर पट्टीला खाच पडेल. प्रतिकृतीत हा वळसा जेमतेम २.३ मिलिमीटरांचा. येथपर्यंत भागाकार चालतो. पुढे मात्र तो फसतो. खरा पँटोग्राफ तारेवर सुमारे ७ किलोग्रॅम भाराने दाबतो. लांबी ८७ पटींनी कमी झाली की वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी, घटते. त्या हिशोबाने दाब एक ग्रॅमचा शंभरावा भाग उरतो. एवढ्याशा दाबाने धुळीचा कणही बाजूस सरणार नाही. म्हणून कारागिराला स्प्रिंग प्रमाणाबाहेर ताठ करावी लागते. ती ताठ होताच बारीक तार उचलली जाते, म्हणून तार जाड घ्यावी लागते. तार जाड होताच डोळ्याला खुपते. वळणावर तार वाकत नाही, सरळ तुकड्यांनी फिरते. सांध्यावर दोन तारा समपातळीत नसल्या तर पँटोग्राफ त्यांत अडकून सारी मांडणी खाली ओढतो.

आपल्या देशातील कारागिराला याहून एक जास्तीची अडचण. १ : ८७ साठी जगभर मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो, कारण तो युरोपातील १,४३५ मिलिमीटर मार्गाची नक्कल आहे. आपला मार्ग १,६७६ मिलिमीटरांचा; त्यासाठी १९.३ मिलिमीटर हवेत. बाजारचा रूळ वापरला तर सुरतेची गाडी परदेशी पायांवर उभी राहते.

तरीही काम अशक्य नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली उभारलेल्या लघुरेल्वे-संग्रहालयाने हे दाखवून दिले की एका माणसाचा छंद सार्वजनिक शिक्षणाचे साधन होऊ शकतो. तेथे चालती गाडी पाहणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील चार प्रकरणांचे काम एका तासात होते. आणि सुरतेला तर बारीक तारेचे कौतुक शतकांचे आहे. चांदीची वा तांब्याची तार लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसाएवढी करणे, ती चपटी करून धाग्यावर गुंडाळणे, ही तेथील जरीची विद्या. आपल्या पैठणीच्या पदरातही सुरतेची जर विणली गेली आहे. ज्या नगराने शोभेसाठी अशी तार ओढली, त्याने स्मृतीसाठी चार हात तार ताणली तर ते त्याच्या परंपरेला साजेसेच होईल.

कोकण व गोमंतकातील वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेवर डिझेल इंजिने धावत; २०२२ साली रोह्यापासून ठोकूरपर्यंत सबंध मार्गावर तारा आल्या. रत्नागिरीची वा मडगावची मुले आज पँटोग्राफ रोज पाहतात. त्यांच्या वडिलांनी पाहिलेला तारांविना मार्ग हाही आता इतिहास झाला.

सुरतेच्या मार्गाची प्रतिकृती कोणी करावयास घेतली, तर एवढीच विनंती : स्थानकाच्या कमानी थोड्या कमी सुबक झाल्या तरी चालतील, डब्यांचा रंग किंचित चुकला तरी चालेल. परंतु विरारच्या पुढे वीतभर तार निर्वीज ठेवावी, पँटोग्राफ खरोखर तारेला टेकवावा, आणि गाडी त्या मृत तुकड्याखालून आपल्या वेगाच्या बळावर पलीकडे जाऊ द्यावी. तेथे ती थांबली तर कारागिराने पुन्हा खटपट करावी. खऱ्या चालकालाही तेथे वेग सांभाळावाच लागत असे.