कासचा पाट, कृष्णेचा गाळ

सातारा वसला तो किल्ल्याच्या भरवशावर, नदीच्या नव्हे. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर एकेक पेठ उभी राहत गेली. कृष्णा आणि वेण्णा मात्र राहिल्या खाली, पूर्वेला माहुलीच्या संगमावर. वाढत्या राजधानीला लागणारं पाणी तिथून पखालींनी रोज चढवून आणणं शक्यच नव्हतं. मग नजर वळली पश्चिमेकडे, शहराहून उंच असलेल्या यवतेश्वराच्या डोंगराकडे. तिथलं पाणी खापरी नळांतून खाली उतरवलं आणि पेठांमधल्या हौदांत सोडलं.

खापरी नळ म्हणजे भाजक्या मातीचे नळ. एकाचं तोंड दुसऱ्यात बसवायचं, सांधा चुन्याने भरायचा आणि वरून माती-दगडांनी झाकून घ्यायचा. सगळी मेख उतारात. उतार जास्त दिला तर पाणी सांधे उखडतं. कमी दिला तर गाळ आतच बसतो आणि नळ तुंबतो. पेशव्यांनी कात्रजचं पाणी पुण्यात नेलं तेव्हा वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. कोंडलेली हवा तिथून बाहेर पडे आणि साफसफाईसाठी माणसाला आत उतरता येई. कात्रजला तलावही दोन. वरच्यात गाळ बसावा आणि त्यातल्या त्यात निवळ पाणी खालच्यात यावं, असा हिशेब होता.

पाणी कुठे वाहतं ठेवायचं आणि कुठे थांबवायचं, हे या कारागिरांना नेमकं कळत होतं. नळात ते थांबता कामा नये आणि हौदात ते धावता कामा नये. हौदात वेग मेला की जड कण तळाशी जातात आणि वरचं पाणी निवळतं. आजच्या अर्थाने हे शुद्धीकरण नव्हे, कारण पटकीचे जंतू असे तळाला बसत नाहीत. पण शुद्धीकरणाची पहिली पायरी आजही हीच आहे, आणि ती साताऱ्याच्या पेठांत तीनशे वर्षांपूर्वी वापरात होती, हे नीट सांगितलं जायला हवं.

त्याच काळात साताऱ्याच्या उत्तरेला लिंब गावाजवळ बारा मोटांची विहीर झाली. विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवून घेतली. विहीर अष्टकोनी, आत महालासारखं बांधकाम, आणि वर एकाच वेळी बारा मोटा चालतील अशी सोय. धावेवरून बैल खाली उतरत, मोट वर येई आणि पाणी थारोळ्यात पडून आमराईकडे निघे. खोलातलं पाणी वर काढायचं तर ताकद खर्चावी लागते. यवतेश्वराच्या पाण्याला ती लागत नव्हती.

हा फरक कासच्या इतिहासात सगळ्यात स्वच्छ दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजी अमदानीत, साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर कासचा तलाव बांधला गेला. कासचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंच, तर सातारा ७०० मीटरच्या आसपास. एवढी उंची हाताशी असल्यावर पंपाची गरजच उरली नाही. डोंगराच्या कुशीला धरून उघडा पाट काढला आणि पाणी आपल्या पायांनी शहराकडे चालू लागलं. पुढे पाटाची जागा बंद नळाने घेतली. मागणी वाढली तशी अलीकडे धरणाची उंचीही वाढवली.

कासच्याच परिसरात उरमोडी उगम पावते. शहर वाढलं, कासचं पाणी अपुरं पडू लागलं, तेव्हा शहापूरच्या योजनेतून उरमोडीचं पाणी साताऱ्याला आणावं लागलं. ते मात्र विजेवर उचलून. डोंगर तोच आणि पाऊसही तोच. माथ्यावर अडवलेलं पाणी फुकट येतं, खाली नदीत उतरलेल्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाला वीजबिल चिकटतं. कासच्या पाटाची आखणी करणाऱ्यांचं मोल त्या बिलावरून सहज मोजता येईल.

सांगलीला असला डोंगर नाही. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीचं संस्थान उभं केलं, ते कृष्णेच्या काठच्या सपाट, काळ्या जमिनीवर. इथे पाणी दाराशीच होतं. अडचण होती ती गाळाची. वरची कोयना कऱ्हाडला मिळालेली, हरिपूरला वारणा मिळते आणि पावसाळ्यात नदी सारं खोरं धुऊन आणते. १९२९ साली झालेल्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, हे आजही पावसाळ्यात घरोघरी विचारलं जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांपर्यंत चढलं होतं.

गढूळ पाणी निवळायचे घरगुती उपाय जुने. निवळीची बी माठाच्या आत उगाळायची, तुरटीचा खडा पाण्यात फिरवायचा, दुपदरी फडक्यातून गाळून घ्यायचं. निवळी म्हणजे संस्कृतातलं कतक, त्याचा हा उपयोग सुश्रुतसंहितेतही सांगितलेला आहे. तुरटी आणि निवळी दोन्ही एकच काम करतात: पाण्यात तरंगणारे बारीक कण एकमेकांना चिकटवतात, ते जड होतात आणि खाली बसतात. सांगलीच्या माळबंगल्यावरच्या जलशुद्धीकरण केंद्रातही सुरुवात अशीच होते. त्यानंतर वाळूचे थर आणि शेवटी क्लोरीन.

वाळूची कथा स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावातून येते. १८०४ मध्ये जॉन गिब यांनी तिथे वाळूतून गाळलेलं पाणी विकायला सुरुवात केली. १८२९ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी लंडनच्या चेल्सी जलकंपनीसाठी मोठा वाळूचा गाळप हौद बांधला. वाळू फक्त कचरा अडवते, असा तेव्हाचा समज. पुढे कळलं की संथ गाळपात वाळूच्या वरच्या पातळ थरात सूक्ष्मजीवांची वस्ती होते आणि पाणी खऱ्या अर्थाने शुद्ध करण्यात तिचा वाटा मोठा असतो.

पाणी उचलायचं कामही सातारा-सांगलीच्या भागातच शिकलं गेलं. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आले. सुरुवातीला तिथे लोखंडी नांगर बनत होते. विसाच्या दशकात त्याच किर्लोस्करवाडीत पंप बनू लागले आणि हळूहळू बारा मोटांचं काम एका फिरत्या चाकाकडे गेलं.

घरातल्या माशांच्या टाकीत ही सगळी विद्या दोन फुटी काचेत मावते. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाण्याचा समतोल कसा टिकतो ते मांडलं. मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय उघडलं आणि महाराष्ट्रातल्या कित्येक कुटुंबांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथे. आता सातारा-सांगलीच्या दिवाणखान्यांतही टाक्या दिसतात. मासे मरतात ते बहुधा उपाशी राहून नव्हे. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू राहतात फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांत, वाळूच्या त्या थरासारखेच. म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळावा. नळाखाली धरला तर पालिकेने माणसांसाठी घातलेलं क्लोरीन ती वस्ती मारून टाकतं.

प्रवाहाचंही तसंच. पंपाने तासाभरात टाकीभर पाणी चार-पाच वेळा फिरवावं, असा सर्वसाधारण दंडक. पण पंप मोठा असून भागत नाही. त्याचं तोंड असं वळवावं की पृष्ठभाग सतत हलत राहील आणि मागचा एकही कोपरा थबकलेला उरणार नाही. प्राणवायू पाण्यात शिरतो तो हलत्या पृष्ठभागातून. ज्या कोपऱ्यात पाणी फिरत नाही तिथेच गाळ साचतो, सडतो आणि तो प्राणवायू खाऊन टाकतो.

सांगलीजवळच्या कृष्णेत अलीकडच्या काही वर्षांत मेलेले मासे काठाला लागल्याच्या बातम्या आल्या, त्यामागेही हेच गणित असतं. उन्हाळ्यात धार बारीक होते, पाणी बंधाऱ्यांमागे उभं राहतं, त्यात शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळी मिसळते. कुजणारी घाण प्राणवायू संपवते आणि मासे तोंड वर काढून तडफडतात. सांडपाणी नदीत जाण्याआधी शुद्ध करणं हे ज्याचं त्याने करायचं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. ते होत नाही तोवर सांगलीचे मासे आणि सांगलीचे नळ, दोघेही एप्रिल-मे महिन्यांत कोयनेतून पाणी कधी सुटतं याची वाट पाहत असतात.