यंत्राचा ठसा

बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा तसे यंत्राच्या गुणधर्मांवरून यंत्र ओळखण्याच्या तंत्राला ‘डिव्हाइस फिंगरप्रिंटिंग’ म्हणतात. मोबाइल वा संगणकाची कार्यप्रणाली, ब्राउझरची आवृत्ती, पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, भाषा, घड्याळाचा कालविभाग हे तपशील सुटे पाहिले तर सामान्यच. एकत्र आले की मात्र वेगळेपण उमटते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्स्ली यांनी २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यांतील ८३.६ टक्क्यांचा ठसा त्या संग्रहात एकमेव निघाला. कुकी पुसल्या तरी हा ठसा बहुधा कायम राहतो.

पासवर्ड बरोबर, पण यंत्र अनोळखी असेल तर बँक जादा पडताळणी मागते. एकाच यंत्रावरून अनेक नावांची खाती चालत असतील, तर संशय बळावतो. यूपीआय याहून पक्की गाठ मारते: नोंदणीच्या वेळी मोबाइल स्वतः एसएमएस पाठवतो आणि सिमकार्ड व यंत्र खात्याशी बांधले जाते. अर्थात भामट्याच्या धमकीला घाबरून खातेदाराने स्वतःच्याच मोबाइलवरून पैसे पाठवले, तर ठसा निर्दोषच दिसणार!

‘एक यंत्र, एक माणूस’ हे गृहीतक शहरी आहे. पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यातील खोडाळ्यासारख्या आदिवासी भागात ते डळमळते. घरात मोबाइल एकच असू शकतो, आणि बँक मित्राच्या एका यंत्रावर अनेक खातेदार आधारच्या साह्याने पैसे काढतात. मजुरी जमा झाल्याच्या दिवशीची झुंबड शहरी निकषांना घोटाळ्यासारखी भासेल. व्यवहार अडला तर मजुराचा एक दिवस बुडतो. उलट, तेच यंत्र अपरात्री दूरच्या जिल्ह्यात व्यवहार करू लागले, तर संशय रास्त ठरतो. म्हणूनच यंत्रासोबत ठिकाण आणि तिथला नेहमीचा रिवाजही पाहावा लागतो.

रिझर्व्ह बँकेच्या दोन निर्देशांत हे धोरण दिसते. २७ जून २०२५ च्या निर्देशांनुसार आधार-आधारित व्यवहार करणाऱ्या चालकांवर बँकांनी सतत देखरेख ठेवायची असून, त्यात ठिकाण, व्यवहारांचे प्रमाण व वेग विचारात घ्यायचा आहे; त्यांची अंमलबजावणी १ जानेवारी २०२६ पासून ठरली. सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी, १ एप्रिल २०२६ पासून, यंत्राचे गुणधर्म व ग्राहकाची सवय पाहून जोखमीच्या व्यवहारांची जादा तपासणी करण्याची मुभा दिली.